टिटवीभोवतीचं सूत

आपलं केम गाव सोडलं त्या सकाळी माझे वडील, आबा, शेतात नांगर धरून होते. निरोप घ्यायला मी बांधापर्यंत गेलो. "जा की. सावलीत बसून खायला कोण नगं म्हणतंय," एवढं बोलून त्यांनी बैल वळवले. गाववाल्यांनो, मी गाडीत रडलो होतो, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

सोलापुरात गिरणीजवळच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवायला मिळाला. पोरं बहुतेक विणकरांची. रंगांची नावं त्यांना माझ्याहून जास्त येत, पण पाखरांत चिमणी-कावळ्याच्या पुढे गाडी अडायची. शाळेमागे माळाचा एक तुकडा उरला होता. पूर्वी तिथवर काळविटं यायची म्हणे. आता एका अंगाने घरं सरकत होती. मी पोरांना तिथे न्यायचो, खरं तर मलाच करमायचं नाही म्हणून.

एका उन्हाळ्यात तिथे खड्यांमध्ये टिटवीची चार अंडी सापडली. दुसऱ्या दिवशी बघतो तर लक्ष्मीने, तेलुगू घरातल्या माझ्या विद्यार्थिनीने, काटक्या रोवून भोवती लाल-पिवळं सूत गुंडाळलेलं. "आता कुणाचा पाय पडणार न्हाय की, मास्तर." मी शहाण्याने शाबासकी दिली. टिटवी मात्र वर ओरडत फिरत राहिली, खाली उतरेना. ऊन तापत चाललं. अंडी वाया जाणार हे कळताच लक्ष्मी रडू लागली.

त्याच सकाळी आबा ज्वारीचं गाठोडं घेऊन आले होते, तीन वर्षांत पहिल्यांदा. मला शोधत ते माळावर आले, आमच्याकडे पाहिलं आणि सूत सोडवलं. त्याची गुंडी लक्ष्मीच्या हातात ठेवत म्हणाले, "खूण नगं, पोरी. खुणंला पाखरू भितंय. तुमीच लांबनं जावा." नांगरताना आपणही अंड्यांपुरती जागा सोडतो, हे त्यांनी पोरांना शाळेच्या भिंतीआड बसवून सांगितलं. पोरं माझ्या धड्यालाही इतकी गप्प बसत नाहीत. टिटवी उतरली, घुटमळली आणि अंड्यांवर बसली.

पिल्लं निघेपर्यंत सगळा वर्ग लांबचा फेरा घेत होता. आता तिथे घरं झालीत. टिटवी दाखवायला पार वस्तीबाहेर जावं लागतं.

सूत सोडवलं त्याच दुपारी मी आबांना स्टेशनवर पोचवायला निघालो, तर ते वाटेतच थांबले.

"चांगली हायत तुजी पोरं. ऊन लई हाय, तू जा आता घरी."

माझ्या सोलापूरच्या खोलीला आबांनी घर म्हटलं ते पहिल्यांदा. मी घरी गेलो.