गडगडलं की पिन काढायची

डिचोलीच्या बाजारात, एका सोनाराच्या दुकानावरच्या खोलीत, सत्यवती एकोणीस वर्षे एकाच खुर्चीत बसून चौसष्ट ठिकाणांची राखण करत होती. खुर्चीत बसून कसली आलीय राखण, असे तिच्या सासूनेही सुरुवातीला विचारले होते. पण रघुनाथशेटच्या अलार्म कंपनीचा धंदाच तो. पतसंस्थेच्या शाखा, काजूचे कारखाने, मस्कत-लंडनला गेलेल्यांची बंद घरे, अशा चौसष्ट जागी भिंतीवर एकेक पेटी बसवलेली. कुणी दार फोडले, जनेल उचकटले, की पेटी टेलिफोनच्या तारेवरून आपण होऊन सत्यवतीच्या टेबलावरच्या यंत्राला फोन करी. यंत्र टुंईटुंई करत कागदाची पट्टी बाहेर काढी, पट्टीवर गिऱ्हाइकाचा नंबर असे, आणि मग सत्यवती मालकाला, शेजाऱ्याला नि पोलिसांना कामाला लावी. एकोणीस वर्षांत चोर आले पाच. बाकी सगळी मांजरे, वटवाघळे आणि बायकोला न सांगता लवकर घरी आलेले नवरे.

खाण बंद पडून नवऱ्याचा ट्रक अंगणात उभा राहिला, तेव्हापासून सत्यवतीचे घर या खुर्चीवर चालले होते. ते तिने कधी कुणाला बोलून दाखवले नाही, पण गावाला माहीत होते.

यंदा टेलिफोनच्या तारांनी मान टाकली. आज पेडण्याची लाइन मेली, उद्या साखळीची. दुरुस्तीला माणूस येईना, कारण त्या तारा दुरुस्त करणारी माणसेच निवृत्त झाली होती. शेवटी रघुनाथशेटनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीशी भागीदारी केली. सगळ्या पेट्या इंटरनेटवर जोडायच्या ठरल्या, आणि ते काम करायला सेजल नावाची इंजिनिअर आली. मुलगी मूळची पेडण्याची, आठ वर्षे पुण्यात राहिलेली, हुशार आणि बोलायला सरळ. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता ती सत्यवतीला सहज म्हणाली, की टेलिफोनला जवळचा नंबर लागतो, इंटरनेटला लागत नाही, म्हणून ऑक्टोबर संपला की राखणीचे हे काम पुण्याहूनच होईल. तिला वाटले, सत्यवतीला हे ठाऊक आहे.

सत्यवतीला ठाऊक नव्हते. रघुनाथशेट माणूस भला, पण वाईट बातमी सांगायची वेळ आली की त्यांना अचानक म्हापशाला काम निघते. ते दोन दिवस म्हापशालाच होते. परत आले तेव्हा म्हणाले, की पुण्याचे साहेब महिनाभर काम बघतील, मग ठरवतील, तू आपली नीट राहा. सत्यवती इतकी संतापली, की त्या दिवशी तिने त्यांच्या चहात साखरच घातली नाही.

नीट राहण्याचा पहिला दिवस ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात उगवला. दुपारी तीनच्या सुमाराला घाटावर काळे झाले आणि गडगडायला लागले. आता डिचोली-पेडण्यात गडगडले म्हणजे काय करतात, हे शाळेतल्या पोरालाही विचारावे लागत नाही. घरातली जी मोठी बाई असेल ती उठते आणि एकेक पिन काढत सुटते. टीव्हीची काढते, फ्रिजची काढते, मिक्सरची आधीच काढलेली असली तरी हात लावून बघते. विजेने जळलेल्या टीव्हीची एक तरी गोष्ट प्रत्येक घरात आहे. टेलिफोनच्या काळात अलार्मच्या पेटीची तार भिंतीतून जात असे, ती कुणाला दिसत नसे. वायफायचा डबा मात्र चांगला शोकेसमध्ये, देवाच्या फोटोशेजारी, पिनेसकट मांडलेला. तो कसा वाचणार?

तोवर सगळीकडे बसलेली नवी पेटी या डब्यामार्फत दर दोन मिनिटांनी इंटरनेटवरून हजेरी लावते. हजेरी चुकली की कॉम्प्युटरवर तिचा चौकोन लाल होतो. त्या दुपारी वीस मिनिटांत एक्केचाळीस चौकोन लाल झाले. सेजलने हातातला पाव खाली ठेवला. तेवढ्यात बाजारावर कडाडले, आणि सत्यवती उठली, कोपऱ्यात गेली, आणि खुद्द कंपनीच्या डब्याची पिन तिने काढून टाकली. विचार केला नाही, हातच गेला. पुण्यात बसलेल्या साहेबांच्या पडद्यावरून अख्खी डिचोली नाहीशी झाली.

पुण्याहून फोन आला, आणि मागोमाग गिऱ्हाइकांसाठी छापील पत्र, की कृपया कोणत्याही हवामानात उपकरण बंद करू नये. पत्र पोचल्यावर सत्यवतीने प्रत्येकाला फोनही केले. मयेच्या शांताबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पुण्याचो मनीस माका नवो टीव्ही हाडून दितलो काय?" सत्यवतीने फोन सेजलच्या हातात दिला. सेजलने तो तसाच परत केला, कारण पेडण्यात तिची आईही गडगडले की पिना काढत होती.

शेवटी पुण्याने हार खाल्ली आणि नियम केला. अर्ध्या तासात पाचाहून जास्त चौकोन लाल झाले तर ते हवामान समजावे आणि दोन तास लक्ष देऊ नये.

सत्यवती लक्ष देतच होती. रोज बघून बघून तिला कळले, की लाल रंग पावसाबरोबर चालत येतो. आधी साखळी लाल होते, मग डिचोली, मग मये, मग पेडणे, आणि सगळ्यात शेवटी नदीपलीकडचे तेरेखोल. साखळी लाल झाली की ती घरी फोन करून अंगणात वाळत घातलेले भात आत घ्यायला सांगायची. मग मयेत शांताबाईंना सांगू लागली. मग आणखी दहा जणींना. अलार्म कंपनीचे हे काम नव्हे, असे सेजल म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या आईचा नंबर तिने त्या यादीत घातला.

वीस तारखेच्या दुपारी साखळीची सहाही ठिकाणे लाल झाली. पाठोपाठ डिचोलीत दोन ठिकाणे. आणि मध्येच, पेडण्यात सगळे हिरवेगार असताना, तेरेखोलचा चौकोन लाल झाला. ते मस्कतवाल्यांचे बंद घर होते आणि विठू नावाचा म्हातारा ते सांभाळत असे. विठूला ऐकू कमी येते. त्याला गडगडाट कळतच नाही. वीज डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो पिनेला हात लावत नाही, म्हणून त्याची पाळी नेहमी सर्वांच्या शेवटी. तो आज पेडण्याच्या आधी?

पडद्यावर पुण्याचा शेरा उमटला होता, हवामान, कारवाई नको. सत्यवतीने विठूचा मोबाइल लावला. वाजत राहिला. तो एरवीही वाजतच राहतो, त्यामुळे काही ठरेना. मग तिने विठूच्या शेजारच्या जानकीला फोन केला. जानकी मासे साफ करत बसली होती. आकाश कसे आहे, विचारल्यावर म्हणाली, कडकडीत ऊन आहे.

"जानकी, नुस्तें मागीर कर," सत्यवती म्हणाली. "पयलीं विठूकडे धांव."

विठू कोळिष्टके काढायला स्टुलावर चढला होता आणि पडला होता. पडताना हाताला लागली ती वायफायची तार, तिच्यासकट डबाही खाली. मांडीचे हाड मोडले होते. दिवसभर त्या घराकडे कुणी फिरकत नाही. जानकी गेली नसती तर तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच पडून राहिला असता. त्याला फेरीबोटीने केरीला आणले, तिथून अँब्युलन्सने पुढे. फेरीवर वेदनेने कळवळत असताना त्याने जानकीला बजावले, की पिन मी काढलेली नाही, हे डिचोलीच्या बायला नक्की कळव.

पुण्याहून शाबासकी आली. त्याखाली एक ओळ होती, की सत्यवतीबाईंना असलेली स्थानिक माहिती लिहून घ्यावी, ती सिस्टीममध्ये भरता येईल. म्हणजे काय, ते सत्यवतीला चटकन कळले. आपल्याच खुर्चीचे पाय आपणच कापून द्यायचे. तिला रडू आले आणि रागही आला. घरी नवऱ्याने सांगितले, देऊ नको. पण विठूसारखा आणखी कुणी पडला आणि पुण्याला कळले नाही तर, या विचाराने तिला चैन पडेना. दोन दिवस बसून तिने चौसष्ट ओळी लिहिल्या. कोण कुठल्या वेळी देवळात असतो, कुणाची सून पिन काढते नि कुणाची सासू, कुठल्या घरात फोन केला तर आधी दोन मिनिटे विचारपूस करावी लागते. एकही ओळ तिने लपवली नाही.

तीस तारखेला सत्यवती सामान पिशवीत भरत होती. डबा, पेला, खुर्चीवरची उशी. समोर सेजल गिऱ्हाइकांनी भरून दिलेले नवे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवत होती. पुण्याहून प्रथम कुणाला फोन करायचा, त्याचे नाव, नंबर आणि नाते, एवढेच त्यात लिहायचे होते. चौथ्या फॉर्मला कॉम्प्युटर अडला. हा नंबर आधीच तीनदा आलेला आहे, म्हणाला. सेजलने बाकीचे फॉर्म चाळले आणि हसत सुटली. चौसष्टांपैकी एकसष्टांवर एकच नंबर होता. सत्यवतीचा.

कुणी ठरवून केले नव्हते. काही झाले तर आधी कुणाला सांगायचे, या प्रश्नाला त्या लोकांकडे दुसरे उत्तर नव्हते, इतकेच. नात्याच्या रकान्यात साखळीच्या पतसंस्थेने लिहिले होते, वैनी. वीस किलोमीटरवरच्या एका काजूवाल्याने, शेजारीण. शांताबाईंनी लिहिले होते, हिका विचारून मी भात वाळत घालतंय. मस्कतवाल्यांनी लिहिले होते, कधी पाहिलेली नाही.

सेजलने पुण्याला फोन लावला. साहेबांनी आधी विचारले, की ही टायपिंगची चूक आहे का. मग विचारले, ही बाई कोण. मग बराच वेळ ऐकून घेतले आणि सत्यवतीला फोन द्यायला सांगितले. साहेब सभ्यपणे बोलले. म्हणाले, एकसष्ट ठिकाणचा पहिला फोन तुम्हालाच जाणार असेल तर तुम्ही आमच्याच टेबलावर असलेल्या बऱ्या. पुण्यात राहायची सोय करतो, याल का?

सत्यवतीने पदराने डोळे पुसले.

"मी तिथे येऊन काय करू, साहेब? गडगडणार इथे."

मग साहेब म्हणाले, "तर मग तिथेच बसा."