पोलवर चढायच्या आधी घरात पाहा

मंडळी, आज जिंकले मी! श्रेय मात्र बाबांचं.

बाराला नव्या साड्या टाकते असं तुम्हाला सांगून बसले होते आणि सकाळीच माझी वेबसाइट उघडेना. मोबाइलच्या नेटवर चालू, घरच्या वायफायवर बंद! साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंगवाल्यांना फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "तुमच्या आयपीवरून, म्हणजे तुमच्या घरच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून, सारखा चुकीचा पासवर्ड येतोय, म्हणून सर्व्हरने ब्लॉक केलंय." तिने ब्लॉक काढला. दहा मिनिटांत पुन्हा बंद. मी तिच्यावरच डाफरले.

बाबा सत्तरच्या दशकात इथे नागपुरातच टेलिफोनचे लाइनमन होते. ते म्हणाले, "तिले काहून बोलून राहिली वं? लाइन बंद असली का आम्ही पोलवर चढाच्या आधी घरात पाहत होतो. बरेचदा कोणंतरी रिसिव्हरच नीट ठेवला नसे."

मग घरातला एकेक फोन तपासला. चोर बाबांच्या उशीखाली सापडला! गाणी ऐकायला मीच दिलेला माझा जुना फोन. त्यात दुकानाचा ईमेल तसाच होता. पासवर्ड मी काल बदलला, पण तो बिचारा जुनाच पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार ठोठावत होता.

ईमेल काढून टाकला, ब्लॉक पुन्हा काढून घेतला, आणि पावणेबाराला साइट ठणठणीत सुरू! त्या मुलीची माफीही मागितली.

रिसिव्हर बाजूला काढून ठेवणारी मीच होते, आणि भांडत होते पोलवरच्या माणसाशी. तुम्ही असं शेवटचं कोणाशी भांडलात?