घुमटाखालची काच

हा ब्लॉग आम्ही दोघं लिहायचो. फोटो यांचे, मजकूर माझा. हे फेब्रुवारीत गेले. त्यानंतर मी इथे काही लिहिलं नाही, कुठे जावंसंही वाटलं नाही. या वेळी जावं लागलं.

गुरुवारी दुपारी रफीकभाईंचा फोन आला. आर्णीच्या पुढे एका गावात जुनी मशीद आहे, तिची देखभाल ते आणि हाजीसाहेब पाहतात. "भाभीजी, काच फुटली न," ते म्हणाले. "साहेब असते तर त्यायलेच बोलावलं असतं. इंजिनिअर सोमवारशिवाय येत नाई म्हणते. अन् उद्या जुम्मा आहे."

हे बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते. काही वर्षांपूर्वी आम्ही ती मशीद पाहायला गेलो, तेव्हा एका कमानीत तडा दिसला. यांनी त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. तडा वाढला तर काच फुटते, एवढाच तिचा उपयोग. काच शाबूत आहे तोवर बेधास्त नमाज पढा, असं सांगून हे परत आले. त्या शब्दावर दर शुक्रवारी अख्खा मोहल्ला त्या घुमटाखाली बसत होता. ते मला फोन ठेवल्यावर पहिल्यांदा नीट जाणवलं, आणि जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी यवतमाळच्या बसस्टँडवरून निघाले. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. स्टँडसमोर तर्रीपोहे चांगले मिळतात, मी अर्धी प्लेट टाकून दिली. आर्णीपर्यंत रस्ता चांगला. शेतात सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या, कापूस फुटायला लागलेला. शेजारी मेथीची पिशवी मांडीवर घेतलेली बाई होती.

"एकट्याच चालल्या काय बाई? कुठं?"

"जुनी मशीद पाहायला."

"मशीद? तुमी? कायले?"

कंडक्टर मागून म्हणाला, "पाहू द्या न मावशी. तुमी माहूरले जाता तं आमी इचारतो काय?"

सगळे हसले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. कोणाचा फोन वाजला तरी मी माझाच काढून बघत होते.

गावातल्या स्टँडवरून मशिदीपर्यंत ऑटोचे वीस रुपये. बाजाराच्या गल्लीतून आत गेलं की अचानक मोकळं अंगण लागतं. मधे वजू करायचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायचा दगडी हौद, समोर तीन कमानी, दोन बुटके मिनार. मशीद किती जुनी ते नक्की कोणी सांगत नाही. वऱ्हाड निजामाकडे होतं तेव्हाची असावी. जोतं काळ्या दगडाचं, वरचं सगळं वीट आणि चुना. खोली चौकोनी आहे. चारी कोपऱ्यांत तिरप्या कमानी टाकून तिचा अष्टकोन केला आहे आणि त्यावर गोल घुमट बसवला आहे. लोखंड कुठेच नाही. सगळा भार विटा एकमेकींवर टाकतात. यांनी हे समजावलं तेव्हा मला फार सुंदर वाटलं होतं. आता डोक्यावर पदर घेऊन आत गेले आणि वर बघवेना. खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसते.

काच हात पुरेल इतक्या उंचीवर होती. मधोमध तुटलेली.

"रंगाऱ्याची शिडी लागली असन," रफीकभाई म्हणाले. मलाही तेच हवं होतं. पण शिडी लागली असती तर दोन्ही तुकडे एकमेकांना भिडलेले राहिले असते. मी मधे नख घातलं. सहज शिरलं, म्हणजे तडा रुंदावला होता.

हाजीसाहेब ऐंशीच्या घरातले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेब मले म्हणले होते, हाजीसाहेब, आपण दोघं आधी जाऊ, हा घुमट मागून. त्यायनं आपला शब्द पाळला. आता माझा नंबर."

"काच शाबूत आहे तोवर, असंही म्हणाले होते," मी कसंबसं म्हटलं. "आज आत कोणाला बसवू नका. कमानीपासूनही लांब बसवा."

रफीकभाईंनी लगेच मंडपवाल्याला फोन लावला. हौदापलीकडे कापड ताणलं, चटया पडल्या. लोक येऊ लागले. आणि हाजीसाहेब सरळ आत जाऊन आपल्या नेहमीच्या जागी बसले.

"चाचा, बाहेर या न!"

"तू मले शिकवू नको रे. माझ्या बापानं इथंच पढली."

कोणी आत जाऊन त्यांना उठवेना. खुतब्याची, नमाजाआधीच्या प्रवचनाची वेळ होत आली. मी चप्पल काढली, आत गेले आणि त्यांच्यापासून थोडं लांब, भिंतीशी बसले. वरून चुन्याचा बारीक कण पडला, का मला तसं वाटलं, माहीत नाही.

"हे काय करून राह्यले बाई?"

"तुम्ही उठाल तेव्हा मी उठेन."

"जुम्म्याच्या टाइमाले? लोक काय म्हणतीन?"

मी पदर सावरला आणि भिंतीला टेकले. ते पुटपुटत उठले. "साहेब बरे होते," दारात म्हणाले, "हे बाई तं त्यायच्याहून जिद्दी." नमाज होईपर्यंत मी रफीकभाईंच्या ओट्यावर बसून घुमटाकडे पाहत होते. तो पडला नाही.

सोमवारी इंजिनिअर आले. तडा वाढतोय म्हणाले, लोखंडी टेकू लावले. दुरुस्ती होईपर्यंत आत जायला मनाई आहे, म्हणून मी गावाचं नाव दिलेलं नाही. काम झालं की देईन. तेव्हा जरूर जा, आणि कोपऱ्यातल्या तिरप्या कमानी बघा.

यांचा शब्द चुकला का, असं माझ्या मुलानं विचारलं. चुकला नाही. पण त्या वाक्याचं पहिलं अर्धं लोक विसरले होते, आणि तो फोन येईपर्यंत मीही.

हाजीसाहेब अजून गुपचूप आत झाडायला जातात. म्हणून शुक्रवारी नमाज झाली, सगळे सुखरूप असले, की रफीकभाई मला मिस कॉल देतात. गेल्या शुक्रवारी तीन वाजत आले तरी फोन नाही. गॅसवरची भाजी करपली. वाजला तेव्हा मी तो उचललाच.

"भाभीजी, उचलाचा नाई न!"

मागे हाजीसाहेब कोणावर तरी ओरडत होते. मी जरा वेळ ते ऐकत राहिले.