जेरीकॅनमधलं पेट्रोल आणि आटपाडीचा रस्ता

मेढ्याहून आटपाडीला एका दिवसात जाऊन येता येतं. सातारा, कराड, विटा, भिवघाट असा रस्ता. कराडपर्यंत हायवे, पुढचा साधा पण बरा. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला आरामात पोहोचता. आमची गाडीही चांगली होती, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

गाडी म्हणजे आप्पांची जुनी पेट्रोल जीप. आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांचे दोस्त बिरूकाका यांनी मिळून ती लष्करी लिलावातून घेतली. बिरूकाका आटपाडीचे, घरची मेंढरं. दोघं एकाच युनिटमध्ये, एकाच ट्रकवर आलटूनपालटून. पुढं काका मेंढरांत रमले आणि जीप आमच्याकडं राहिली. पण बिरूकाका कधीही मेढ्याला आले की आधी जीपभोवती फेरी मारणार आणि मग घरात पाणी मागणार.

यंदा दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. मेंढरं विकून झाली होती. मुलाचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं. आटपाडी-विट्याकडची कितीतरी माणसं या धंद्यात देशभर पसरली आहेत. तो वडिलांना कायमचं न्यायला येणार होता.

"परवा दुपारी निघायचं हाय गड्या," काका म्हणाले. "जीप घिऊन ये. एकदा स्टेअरिंग हातात धरू दे. मग खुशाल जातो."

आप्पांनी फोन ठेवला आणि थेट शेडमध्ये गेले.

इथं आप्पांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. फौजेत रोज सकाळी गाडीची तपासणी व्हायची, तिला 'फर्स्ट परेड' म्हणतात. तेल, पाणी, हवा बघायची, आणि मागं पेट्रोलचा एक डबा, म्हणजे जेरीकॅन, काठोकाठ भरलेला. गाडी कधीही निघायला तयार हवी. आप्पा अजूनही रोज फर्स्ट परेड करतात, जीप महिन्यातून एकदा बाहेर निघाली तरी. जेरीकॅन पावसाळ्याआधी भरून ठेवलेला होता. मेढ्याचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. चार महिने आमच्याकडं उशीसुद्धा ओली लागते.

साताऱ्यात पंपावरच्या मुलीनं जीप बघून सरळ डिझेलचा पाइप उचलला. आप्पा असे खवळले की ती दोन पावलं मागं सरली. तिचं फार चुकलं नव्हतं, जीप म्हटली की सगळ्यांना डिझेलच वाटतं. नव्या पेट्रोल गाड्यांच्या टाकीत डिझेलची जाड तोटी सहसा जात नाही, पण पेट्रोलची बारीक तोटी डिझेल गाडीत बिनबोभाट जाते. जुन्या जीपचं तोंड तर एवढं मोठं की त्यात काहीही जाईल. तोटीच्या रंगावर विसंबू नका, खाली उतरून तोंडानं सांगा.

मग तिनं विचारलं, "साधं का प्रीमियम?"

"प्रीमियम," मी म्हणाले. आप्पांचा लाडका प्रवास, जीपलाही जरा गोडधोड मिळू दे, असा विचार. पैसे थोडे जास्त गेले, समाधान वाटलं. घरी परत आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की प्रीमियममधलं जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नव्हेच. इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटून ठोके बसू नयेत म्हणून ते असतं. आमच्या जुन्या, संथ इंजिनाला त्याचा काही उपयोग नव्हता. आणि मला वाटत होतं तसं ते निव्वळ पेट्रोलही नव्हतं, त्यातही इथेनॉल मिसळलेलं होतं.

कराडच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलो. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. घाई असेल तर गळीत हंगामात या रस्त्याला वेळ हातात ठेवून निघा. कराडात मिसळ खाल्ली, तिखट पण झक्कास. बिरूकाकांसाठी साताऱ्याचे पेढे घेतलेच होते. आप्पा खुशीत होते.

"बघ की," ट्रॉलीकडं हात करून ते म्हणाले, "आता ह्याचंच पेट्रोल करत्यात. उसावर चालतीय आपली जीप."

मी हसले. त्यांचं खरंच होतं. उसाच्या मळीपासून, रसापासून इथेनॉल करतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या आहेत, त्यांना काही होत नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, हे आम्हा दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

विट्यात पेट्रोलचा काटा खाली आला. साताऱ्यात थोडंच भरलं होतं, आणि जीपला तहान फार. समोरच पंप होता.

"आप्पा, समोर पंप हाय. तिथंच भरू."

"कशाला? आपलं घरचं हाय की. पंपवाल्याचा काय भरवसा?"

त्यांनी जेरीकॅन उतरवला. झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं दिसत होतं. पंपावर भरू हे मी एकदा म्हटलं होतं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. प्रवास त्यांचा होता, रुसवेफुगवे नको होते. सगळा कॅन टाकीत रिकामा झाला.

भिवघाटाच्या चढाला जीपनं पहिला खोकला काढला. मग दुसरा. एका वळणावर ती गप्पच झाली. आप्पांनी बॉनेट उघडलं, प्लग काढले, पुसले, परत बसवले. इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. उन्हं वर चढली. तिकडं काका जेवायचे थांबले असणार, हे आप्पांनी एकदाच बोलून दाखवलं.

एका दुचाकीवाल्याच्या निरोपावर घाटातल्या गॅरेजचा मेकॅनिक आला. तो फार बोलला नाही. टाकीतलं थोडं पेट्रोल त्यानं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं आणि बाटली बॉनेटवर ठेवली. थोड्या वेळानं आत दोन थर दिसायला लागले. वर पिवळसर, खाली गढूळ.

"खाली पाणी हाय. इथेनॉलसकट खाली बसलंय," तो म्हणाला. "टाकी उतरवाय लागंल. कार्बोरेटर खोलाय लागंल. रबरी नळीबी फुगलीय. तीन-चार तास धरा."

आप्पा बाटलीकडं बघत राहिले. आयुष्यभर ज्या सवयीची शाबासकी मिळाली, तिनंच आज गाडी बंद पाडली.

शेवटी मेकॅनिकला काम चालू करायला सांगून ते मला म्हणाले, "राहू दे हितंच. चल."

डाळिंबाचे क्रेट घेऊन जाणाऱ्या टेंपोनं आम्हाला आटपाडीत सोडलं. बिरूकाकांच्या दारात मुलाची गाडी चालू स्थितीत उभी होती. मिरजेहून रेल्वे होती आणि आधीच उशीर झालेला. काका मागच्या सीटवर, दार उघडं ठेवून, पांढऱ्या फेट्यात बसलेले. अंगण झाडून एका बाजूला मोकळं केलं होतं. एक जीप मावेल एवढं.

काकांनी आमच्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"गाडी?"

"आणली न्हाई," आप्पा म्हणाले. "ब्रेकचं काम निघालं रं."

काका खाली उतरले. त्यांनी आप्पांचे दोन्ही हात हातात घेतले, नाकाजवळ नेले.

"मग हाताला पेट्रोलचा वास कसा?"

आप्पांनी हात सोडवून घेतले.

"कुठं थांबली?"

"भिवघाटात."

"कॅनमधलं घातलंस?"

"व्हय."

दोघं हसले. मग हसता हसताच आप्पांनी तोंड फिरवलं. मुलगा म्हणाला, "आबा, गाडी चुकंल." काका परत मागच्या सीटवर बसले आणि गाडी निघाली. काकूंनी, बिरूकाकांच्या भावजयीनं, आम्हाला बाजरीची भाकरी आणि मटणाचा रस्सा वाढला. चव उत्तम असणार. आम्ही कसं जेवलो ते आठवत नाही.

दिवस मावळायच्या आत भिवघाटात परत आलो. जीप चालू होती, घरघर करत उभी.

मेकॅनिक म्हणाला, "एक फेटेवाले बाबा येऊन गेलं. गाडी थांबवून उतरलं. मी म्हनलं, कार्बोरेटर खोललाय, चालू न्हाई व्हायची. तर म्हनलं, असू दे. आन् स्टेअरिंग धरून बसलं. पोरगा हॉर्न वाजवाय लागला तवा उठलं. अर्धा तास आधी चालू झाली असती तर दाखवली असती की चालवून."

आप्पांनी मान हलवली आणि आत बसले.

जुनी गाडी असेल आणि ती कमी फिरत असेल तर माझं ऐका. पेट्रोल लागेल तेवढंच भरा, साठवून ठेवू नका. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घ्या. इथेनॉल नसलेलं महागडं पेट्रोल मोठ्या शहरांत काही पंपांवर मिळतं, पण विचारून खात्री करा. नुसतं प्रीमियम लिहिलंय म्हणून भुलू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असेल तेच तिला घाला.

जेरीकॅन आता शेडमध्ये पालथा आहे. मध्ये एकदा आप्पांनी काकांना फोन लावून मोबाइल इंजिनाजवळ धरला. पलीकडून काका म्हणाले, "फोनवर सगळी इंजिनं सारखीच वाजत्यात रं." त्यानंतर आप्पांनी तसं केलं नाही.

फर्स्ट परेड मात्र अजून रोज होते. परवा मी जीप धुवायला घेतली. आतला आरसा खाली कललेला होता. बिरूकाका आप्पांपेक्षा बुटके. भिवघाटातून मेढ्यापर्यंत आप्पांनी मागचं काहीच न दिसता गाडी आणली होती, हे मला तेव्हा कळलं. मी आरशाला हात लावणार, तोच ते दारातून म्हणाले,

"काच पुसायची तर पूस. आरसा हलवू नगंस."