ओल धरून ठेवणारी अक्का

भावजींचा फोन मला कधी येत नाही. उसाची तोड असो की यात्रेचं बोलावणं, ते आमच्या ह्यांनाच फोन करतात आणि शेवटी ‘सुनंदा बरी हाय नव्हं?’ एवढं विचारून ठेवून देतात. त्यामुळे भाद्रपदातल्या त्या सकाळी, सांगलीत शाळेला निघताना, माझ्या फोनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे कळलं. “सुनंदा, तुझी अक्का गेली,” ते म्हणाले. माणूस सैन्यात सुभेदार होता, वाईट बातम्या द्यायची सवय असलेला, पण पुढचं काही त्यांना नीट सांगता येईना... पॉलीहाऊसमधून फुलं काढून आली, चहा ठेवते म्हणाली, उंबऱ्यावर टेकली आणि तिथेच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पर्स खांद्याला लावून तशीच दारात उभी राहिले आणि शेजारीण विचारत होती, आज उशीर झाला का म्हणून.

अक्का माझी थोरली जाऊ, भावजींची बायको. रहिमतपूरजवळच्या आमच्या उसातल्या घरात ती आली ती औंधच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातून. वडिलांची मेंढरं होती, आणि पाणी म्हणजे डोक्यावरून आणायची वस्तू. तिच्या माहेरी हंड्याला ओलं पोतं गुंडाळलेलं असायचं आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी पालापाचोळा दाबलेला, का तर ओल उडून जाऊ नये. आमच्याकडे उसाला पाटानं पाणी सोडलेलं बघून ती पहिलं वर्षभर नुसती चिडचिडत होती म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हाही भांडी विसळलेलं पाणी ओतून दिलं की माझी खरडपट्टी निघायची. “अक्का, विहीर भरलीय,” मी म्हणायची. “मग? भरली म्हणून सांडायची व्हय?” असं तिचं उत्तर. मला राग यायचा आणि हसूही यायचं. आता सांगलीच्या नळाखाली भांडी घासताना तोटी आपोआप बंद करते आणि मग तिथेच उभी राहून रडते.

भावजी निवृत्त होऊन घरी आले तसं तिनं विहिरीकडचा तुकडा मागून घेतला आणि तिथे पॉलीहाऊस उभं केलं. डच गुलाब लावले. उसाच्या घरात गुलाब! गावानं भरपूर थट्टा केली, आम्हीही केली. पण अख्ख्या आयुष्यात तिनं स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट होती. फुलं उत्तम यायची. घात केला तो पानांनी. कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपायच्या, इस्त्री जास्त तापल्यासारख्या. गुलाब दांड्यासकट विकला जातो आणि व्यापारी फुलाआधी पान बघतो. अक्का बसून करपलेली पानं खुडायची, मग दांडे उघडेबोडके दिसायचे आणि माल मागे पडायचा. करपलेलं पान बघून तिनं ठरवून टाकलं, ही झाडं तहानलीत. मग बाजूचे पडदे खाली सोडायचे, फॉगर सुरू करायचा, आत धुकं कोंडायचं. पानं आणखी करपायची. ती पडदे आणखी घट्ट करायची.

आमच्या ह्यांनी शेवटी कडेगावहून एका ओळखीच्या माणसाला नेलं. त्याची स्वतःची गुलाबाची बाग आहे. आत शिरल्या शिरल्या त्याचा सदरा अंगाला चिकटला. छतातून ठिबकणारे थेंब बघून तो म्हणाला, “वैनी, ह्यो कॅल्शिअमचा घोळ हाय. खाली खत मुबलक हाय तुमचं. पर ते पाण्यासंगं वर चढतं, आन पानातनं पाणी हवेत उडालं तरच खालचं पाणी वर येतं. तुमी एवढी दमट हवा कोंडून ठेवलीया, मग उडणार काय? कोवळ्या पानाच्या कडंपत्तूर ते पोचतच न्हाई. पडदं उघडा, वारं खेळू द्या.” अक्काला ते पटलं. नंतर शेजारणीला तिनं तेच सगळं समजावलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. दुसऱ्या दिवशी तिनं पडदे वर गुंडाळले. दुपारी वारा सुटला, पानं हलायला लागली, आणि ही जाऊन पडदे सोडून आली. मी फोनवर रागावले तर म्हणाली, “सुनंदा, कळतंय गं मला सगळं. पर पान वाळल्यालं दिसतंय आन मी त्येला वारं लावू? हातच उठत न्हाई बघ.”

श्रावणात भावजींनी विषय संपवला. “दिवाळीपत्तूर एक बहर बिनडागाचा दाव. न्हाईतर वरचा प्लास्टिकचा कागद उतरवून ऊस लावणार.” ते दुष्ट नाहीत, तिला रोज पानं खुडत बसलेली बघून कंटाळले होते. पण अक्कानं ते मनाला लावून घेतलं. मी गौरीच्या सणाला गेले होते तेव्हा ती पॉलीहाऊसच्या तोंडाशी बसली होती, ओटीत करपलेली पानं. “व्हईल नव्हं गं दिवाळीपत्तूर?” मला विचारते. मी म्हटलं, होईल की. दिवेलागण झाली तशी ती पडदे सोडायला उठली. मी म्हटलं, “अक्का, आज राहू द्या ना उघडे.” चोरी पकडल्यासारखी हसली. “उद्यापासनं,” म्हणाली. तिची माझी ती शेवटची भेट.

गेली त्या सकाळी फुलं काढायला तिनं पडदे वर गुंडाळले होते. ते परत खाली सोडायला कुणी उरलंच नाही. सुतकात त्या बाजूला कुणी फिरकलं नाही. ठिबक घड्याळावर चालू होतं तेवढंच, फॉगर बंद. झाडावरची फुलं उमलून तिथेच गळून गेली. तेरावं झालं, मी सांगलीला परत आले, शाळेत मुलांच्या वह्या तपासत बसले. कशातच अर्थ वाटत नव्हता, अजून वाटत नाही.

दिवाळीच्या तोंडावर पुन्हा गेले, तर भावजी मला थेट पॉलीहाऊसकडे घेऊन गेले. आत मोकळा कोरडा वारा होता. नवे फुटवे कमरेएवढे आले होते, टोकांना कळ्या. भावजींनी एक पान पालथं करून दाखवलं, मग दुसरं. मी ओळीच्या ओळी बघत गेले. कडा हिरव्यागार. एका पानावर डाग नाही. मला आनंद झाला नाही. मला त्या झाडांचा संताप आला... ती जिवंत असताना तुम्हाला काय झालं होतं? आणि मग कळलं की त्यांना काय झालं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तिचा बहर आला, तो तिचे हात थांबले म्हणून.

“शब्द दिला व्हता,” भावजी म्हणाले. “बाग ठेवतो.” त्यांनी कात्री घेतली आणि पहिला दांडा कापला, पानांसकट. तो हातात धरून कुणाकडे द्यावा ते त्यांना कळेना. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “एकदा जरी मी म्हागनं जाऊन पडदं वर केलं असतं, तर तिला बघाय मिळालं असतं न्हवं?”

मी म्हटलं, “नाही भावजी. तिनं परत खाली सोडले असते.”

“व्हय,” ते म्हणाले. आणि रडायला लागले.