सतरा नंबरला भीती शिकवताना

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे टकळी म्हणतात, आणि ते नाव तिने स्वकष्टाने कमावलेलं आहे. अशा बाईला नोकरी मिळावी ती तोंड बंद ठेवायची! शहराबाहेरच्या पक्षी-केंद्रात ती एका दुर्मीळ जातीच्या पोपटांची पिल्लं वाढवते. जंगलात हे पोपट जेमतेम चाळीस उरलेत. केंद्रातले तिथे सोडायचे, तर त्यांना माणसाचा लळा लागता कामा नये. म्हणून पिल्लांसमोर अवाक्षर काढायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. पोपटाच्या डोक्यासारखा मोजा हातावर चढवायचा, पडद्याच्या फटीतून आत घालायचा आणि त्या चोचीतून भरवायचं. दर दोन तासांनी.

सहा वर्षं तिने हे निभावलं. मग आलं सतरा नंबरचं पिल्लू. मादी होती. आजारी, मान टाकलेली, मोज्याच्या चोचीतून काही घेईना. टकळीने मोजा काढून फेकला, तिला तळहातावर घेतलं आणि चमच्याने थेंब थेंब भरवलं. पाच दिवस. पोर जगली! पण तेव्हापासून माणूस दिसला की खांद्यावर बसायला धावे.

सोडण्याआधी परीक्षा असते. पिंजऱ्यात एक माणूस फळ घेऊन दहा मिनिटं उभा राहतो. पक्षी लांब राहिला तर पास. सतरा नंबर दोनदा नापास झाली. दुसऱ्या खेपेला तर परीक्षकाच्या टोपीवर बसून तिने ते फळ फस्त केलं. आता एकच संधी होती. ती हुकली की जन्मभर पिंजरा.

"तिला माणसाची दहशत बसायला हवी," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि ती तुम्हीच बसवायची. तुमच्यावरचा विश्वास उडाला, की इतरांवरचा आपोआप उडेल."

त्याच संध्याकाळी टकळी नवऱ्याला घेऊन माझ्या दारात हजर.

"दादा, मला ओरडायला शिकव."

"हिला?" मेहुणे मागून म्हणाले. "दादा, एकदा आमच्या घरी या. तुम्हीच शिकून जाल."

"तुम्ही गप्प बसा हो! तुमच्यावर चिडता येतं. तिच्यावर कशी चिडू?"

मग काय, खुर्च्या भिंतीला लागल्या! सतरा नंबर म्हणून मी टेबलावर उकिडवा बसलो. टकळीच्या हाती पत्र्याचा डबा आणि पळी दिली.

"जा ना गं..." ती म्हणाली.

"हा दम आहे की लाडीगोडी?" मेहुण्यांना हसू आवरेना.

"राग आणूच नकोस," मी म्हटलं. "घराला आग लागलीय, पोर आत आहे आणि दारातून हलत नाहीये. कशी ओरडशील?"

तिने डोळे घट्ट मिटले. मग पोटातून असा आवाज निघाला, की मी टेबलावरून पडता पडता वाचलो आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू "काय झालं, काय झालं" करत खाली धावले.

"हाच!" मी ओरडलो. "हाच आवाज!"

दुसऱ्या दिवशी सतरा नंबर सवयीने तिच्या खांद्याकडे झेपावली, आणि टकळीने डबा बडवत आरोळी ठोकली. पक्षी जाळीवर आदळला, धडपडत वरच्या कोपऱ्यात गेला आणि तिथून तिच्याकडे बघत राहिला. बाहेर येऊन ही उपड्या बादलीवर बसली आणि मला फोन लावला.

"कशी बघत होती, दादा..."

"उद्या पुन्हा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

असे पंधरा दिवस गेले. परीक्षेला माणूस आत शिरताक्षणी सतरा नंबर सर्वांत उंच फांदीवर गेली आणि दहा मिनिटं खाली फिरकली नाही. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या पिटल्या, मग नियम आठवून हात पाठीमागे लपवले. आठवड्याभरात सतरा नंबरला जंगलात सोडलं.

काल दुपारी टकळीचा फोन आला. फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. पाहणीसाठी ती जंगलात गेली होती. एका झाडावर पायात सतराचं कडं असलेली मादी दिसली, शेजारी जंगलातलाच एक नर. तेवढ्यात हिच्या पायाखाली काटकी मोडली.

"तिने मान वळवली, दादा! सरळ माझ्याकडे बघितलं!"

"मग?"

"पळाली! मला बघून किंचाळत पळाली! आणि त्यालाही बरोबर घेऊन गेली!"