भोंग्यातली हाक

मशिदीवरून उतरवलेल्या भोंग्याचा फोटो माझ्या धाकट्या भावानं, गणूनं, घरच्या ग्रुपवर टाकलाय. खाली लिहिलंय, ‘कानांचा त्रास गेला एकदाचा.’ वाचून माझं डोकंच फिरलं.

लहानपणी हाच गणू बेलापूरच्या बाजारात हरवला होता. आई भाजीची पिशवी टाकून रडत धावत होती. तेवढ्यात भोंग्यातून बांग देणाऱ्या चाचांचा आवाज आला, “सुताराचा गन्या मशिदीत हाय. खजूर खातोय. आईनं घाबरू नये.”

आम्ही पोचलो तेव्हा तिथं कुणाच्या तरी निकाहाची लगबग होती. अत्तराचा वास दरवळत होता. कुराणाचा सबक घोकणाऱ्या पोरांच्या रांगेत आमचा गणू त्यांच्यासारखाच डुलत बसला होता.

मी ग्रुपवर लिहिलं, ‘गन्या, कुणाच्या कानांना त्रास? आईला विचार.’